समुद्राचे खोत आणि जाळ्यात गुदमरणारा डॉल्फिन

डॉल्फिन वाचवण्याचा विषय काढला की आपल्या चळवळीतील तरुण लगेच विचारतात, "हा आपला प्रश्न आहे का? वस्तीत पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि आपण माशांवर बोलायचे?" सातारा-सांगलीत तर आणखी एक सवाल येतो, "आपल्याकडे समुद्र तरी कुठे आहे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उत्तर न देता पर्यावरणावर प्रवचन झोडणे हे प्रस्थापितांचे काम आहे, आपले नव्हे. म्हणून आधी उत्तर देतो.

समुद्र आपल्यापासून दूर नाही. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सोडले जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ही वाशिष्ठी दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. ज्या कोयनेसाठी आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उठवली गेली, तिचे पाणी शेवटी दाभोळच्या खाडीत पोचते. त्याच दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना होडीत बसवून डॉल्फिन दाखवले जातात. दापोली आपल्याला परकी नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्यात आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला, ती तारीख आपण दरवर्षी साजरी करतो. तेव्हा घाटाखालचे जग आपले नाही असे निदान आपण तरी म्हणू नये.

आता मूळ मुद्दा. कोकण किनाऱ्यालगत जो डॉल्फिन दिसतो तो बहुतेक वेळा पाठीवर उंचवटा असलेला, म्हणजे हंपबॅक जातीचा असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये हिंदी महासागरातील या जातीची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून केली. हा प्राणी खोल समुद्रात जात नाही. खाडीची तोंडे आणि उथळ किनारा हेच त्याचे घर. माणूसही तिथेच मासे धरतो, तिथेच कारखान्याचे पाणी सोडतो, तिथेच बंदर बांधतो. डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे. त्याला श्वासासाठी वर यावे लागते. पाण्यात न दिसणाऱ्या नायलॉनच्या जाळ्यात तो अडकला की वर येता येत नाही आणि तो पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत काही वर्षांचे अंतर असते. म्हणून थोडे मृत्यूही त्या कळपाला परवडत नाहीत.

मग दोषी कोण? शहरातला निसर्गप्रेमी चटकन बोट दाखवतो, "मच्छीमार." इथेच समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचारले पाहिजे, कोणता मच्छीमार?

किनाऱ्यावरचा रापणकर, छोट्या होडीतून जाळे टाकणारा कोळी-गाबित, खाडीतला भोई हा एक मच्छीमार. लाखो रुपयांची यांत्रिक बोट, पर्ससीनचे अवाढव्य जाळे आणि पगारी खलाशी ठेवणारा भांडवलदार हा दुसरा. या दुसऱ्याचा पाय अनेकदा पाण्याला लागतही नाही. पर्ससीनचे जाळे बांगडा-तारलीचा अख्खा थवा गोल वेढते आणि खालून पिशवीसारखे आवळले जाते. त्यात मोठी मासळी, अंडी घालायला आलेली मासळी, पिल्ले, सगळे एकत्र येते. एलईडीची मासेमारी याच्याही पुढची. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावायचे, उजेडाला मासळी गोळा होऊ द्यायची आणि मग घेरायची. तीच मासळी डॉल्फिनचे अन्न आहे आणि तीच छोट्या मच्छीमाराची भाकरी आहे. एकाच जाळ्यात दोघांचे पोट आवळले जाते.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतका मर्यादित केला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून एलईडीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. तरीही दरवर्षी मालवण-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर का येतात? कारण कायदा कागदावर आहे आणि समुद्रावर बोटवाल्यांची सत्ता आहे. अस्पृश्यता १९५० साली संविधानाने रद्द केली म्हणून ती गावातून गेली का? कायदा आणि अंमल यांच्यातली दरी आपल्याला कुणी शिकवायला नको.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली कौन्सिलवर गेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. खोत काय करत होता? कसणाऱ्याच्या घामावर मध्येच बसून मालकी सांगत होता. आज जमिनीचा खोत गेला आणि समुद्राचा खोत आला. सर्वांच्या मालकीचे पाणी त्याने यंत्र, पैसा आणि राजकीय वशिला यांच्या जोरावर स्वतःचे शेत करून टाकले आहे. चवदार तळ्याने आपल्याला शिकवले की पाणी कुणा एकाच्या बापाचे नसते. हे तत्त्व तळ्याला लागू आणि समुद्राला लागू नाही, असे कसे होईल?

पण एक सत्य लपवून चालणार नाही. डॉल्फिन फक्त श्रीमंताच्या जाळ्यात मरत नाही. गरीब मच्छीमाराच्या गिलनेटमध्येही मरतो, किंबहुना किनाऱ्यालगत या जाळ्यांचा धोका मोठा आहे. आपण गरिबाच्या बाजूचे आहोत म्हणून वस्तुस्थिती झाकायची नाही. मात्र उपाय कोणता सुचवायचा, यात आपली बाजू ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे जाळ्यात डॉल्फिन सापडला की गरीब मच्छीमाराला आधी खटल्याची धास्ती वाटते. तो गुपचूप सोडून देतो, मेलेला असेल तर बोलत नाही. भीतीने माहिती दबते आणि माहिती दबली की संरक्षण होत नाही.

याउलट २०१८ च्या अखेरीस राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एक चांगली योजना सुरू केली. जाळे कापून संरक्षित प्राणी जिवंत सोडला, त्याचे छायाचित्र दिले, की फाटलेल्या जाळ्यासाठी मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. आम्हाला हा मार्ग योग्य वाटतो. जाळे हे त्याचे भांडवल आहे. ते कापायला सांगायचे असेल तर किंमत समाजाने मोजली पाहिजे. करुणेचा खर्च एकट्या गरिबाच्या माथी मारणे ही करुणा नव्हे.

आणि इथे आपल्या धम्माचाही प्रश्न येतो. डॉल्फिनच्या निमित्ताने काही मंडळी मासे खाणाऱ्यांनाच हिंसक ठरवतात. हे शुद्ध-अशुद्धतेचे जुने राजकारण आहे, फक्त कपडे हिरवे आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात आणि अहिंसेकडे आंधळा नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून पाहतात. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. पोटासाठी मासळी धरणे ही गरज आहे. नफ्यासाठी समुद्र खरवडून काढणे आणि जे नको ते मेलेले परत फेकणे ही गरज नाही, तृष्णा आहे. तृष्णेविरुद्ध बोलणे हे आपले काम आहे.

शेवटी आपल्या घरचे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा बोट दूषित सांडपाण्याकडे गेले. नदीवर जगणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांच्या त्या दिवसांच्या कमाईची चर्चा किती झाली? घाटाखाली लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे दाभोळ खाडीतला भोई समाज वर्षानुवर्षे हेच भोगतो आहे. भोई भटक्या जमातींत, किनाऱ्यावरचे कोळी विशेष मागास प्रवर्गात. प्रवर्ग वेगळे म्हणून आपली आंदोलनेही वेगळी. याचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला नको.

म्हणून सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांना आमचे चार प्रस्ताव आहेत. एक, माहिती अधिकारात विचारा की एलईडी आणि बेकायदा पर्ससीनवर किती कारवाया झाल्या, किती दंड खरोखर वसूल झाला आणि जाळ्याची भरपाई किती मच्छीमारांना, किती दिवसांत मिळाली. दोन, कृष्णा-कोयनाकाठच्या भोई-कोळी वस्त्यांत जा आणि नदीच्या प्रदूषणाचा लढा त्यांच्या नेतृत्वाखाली उभा करा. तीन, पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनाला घाटावरून जाहीर पाठिंबा द्या. चार, दापोली-मालवणला सहलीला गेलात तर डॉल्फिनच्या मागे बोट पळवायला सांगू नका. नावाड्याला पूर्ण पैसे द्या आणि लांबूनच पाहा.

ज्यांना आवाज नाही त्यांच्या बाजूने उभे राहणे, ही आपली ओळख आहे. डॉल्फिनला आवाज नाही आणि छोट्या मच्छीमाराचा आवाज कुणी ऐकत नाही. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे आणि त्यातून कमावणारे तिसरेच आहेत. त्यांना ओळखा.

जय भीम!