आबांची वही, अमेरिकेचं पेटंट

दिवाळीत मामाकडे गेले होते, डोणगावला. पुण्यातल्या मित्रमंडळींना हे गाव सांगताना आधी बुलडाणा, मग लोणार सरोवर, मग मेहकर अशा पायऱ्या उतराव्या लागतात. मामीची सफाई चालू होती आणि आबांच्या जुन्या वह्या रद्दीच्या वाटेवर होत्या. सहज एक उघडली. १९७१ ची. ‘पाच पोती ज्वारी जमा.’ खाली, त्यातली दोन शिंप्याच्या नावे. पुढच्या पानावर शिंप्याचं एक पोतं किराणावाल्याच्या नावे. पोती मात्र आमच्याच कोठीत! फिरली ती फक्त नावं.

आता पत्रकाराची खोड. मला लगेच ‘गोल्डमनी’ आठवलं. जेम्स टर्क नावाच्या गृहस्थांना १९९७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. सोनं तिजोरीत पडून राहणार, कॉम्प्युटरवर मालक बदलणार आणि बिल चुकतं होणार. २००१ मध्ये त्यावर कंपनीही सुरू झाली. तसंच चालणारं ‘ई-गोल्ड’ १९९६ पासून बाजारात होतं, पण टर्क यांचा मूळ अर्ज १९९३ चा. पेटंटच्या दुनियेत तारखेला फार भाव असतो, बॉस.

मामाला हे सगळं सांगितलं. सुपारी कातरत तो म्हणाला, “मंग आपल्या आबाचं नाव कायले नाही तिथं?”

हसले खरी, पण प्रश्न थेट कायद्यातला होता. पेटंटसाठी कल्पना नुसती नवी असून भागत नाही, त्या धंद्यातल्या साधारण जाणकाराला ती सहज सुचण्यासारखीही नसावी लागते. मामाचं म्हणणं, वही मशीनवर चढवली, यात शोध कसला? मी वाद घातला. सुचल्यावर सगळंच सोपं दिसतं. शिंपी आबांना ओळखत होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांत हा भरवसा उभा करायचा, हे काम वेगळंच. मामा गप्प. (पटलं असं नाही, सुपारी तोंडात होती.)

मेख वेगळीच आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट धरतच नसत, छापील पुरावा लागायचा. २०१३ पासून हा नियम बदलला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरला ३२ संदर्भ शोधून द्यावे लागले. त्यात जुना संस्कृत ग्रंथ होता, १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कुठल्याही आजीला विचारलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं, पण तिथे आजीची साक्ष चालत नव्हती.

आपल्याकडे धंद्याच्या पद्धतीला मुळात पेटंटच नाही. शिवाय २००२ च्या दुरुस्तीमुळे स्थानिक समाजाचं तोंडी ज्ञानही आक्षेप घेताना पुढे करता येतं. पण १९९७ च्या अमेरिकेत आबांच्या वहीची किंमत शून्य. हाताने लिहिलेली, कोठीत ठेवलेली, छापील नव्हेच.

मामीला म्हटलं, या वह्या मी नेऊ का?

“ने वं माय. पण रद्दीवाला किलोमागं बारा देनार होता.”

साडेतीन किलो भरल्या. बेचाळीस रुपये दिले, मामीनं मोजून घेतले.