आग विझल्यानंतरचा दुसरा दिवस कोणाचा?

पोस्ट जरा लांब आहे. पण आपण बहुतेक जण इमारतींतच राहतो, म्हणून वेळ काढून वाचा.

इमारतीला आग लागली की दोन दिवस बातमी चालते. बंब किती आले, किती जण दगावले, मंत्री कधी येऊन गेले, मदत किती जाहीर झाली. तिसऱ्या दिवशी कॅमेरे निघून जातात. वरच्या-खालच्या मजल्यांवरची जी चाळीस-पन्नास कुटुंबं वाचली, ती त्या रात्री कुठे झोपली, पुढचे सहा महिने कशी काढणार, हे कोणी विचारत नाही. वाचलात ना, मग झालं तर!

६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे गोरेगावच्या 'जय भवानी' या एसआरए इमारतीत आग लागली. खाली पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते, त्यांनी आणि गाड्यांनी पेट घेतला, धूर वर चढला. किमान ७ जण गेले, कित्येक जखमी झाले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण ही मदत मृत्यूची आणि जखमांची. जळालेल्या मीटर रूमची, काळ्या पडलेल्या जिन्याची, बंद पडलेल्या लिफ्टची जबाबदारी कोणाची?

त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ४ जण गेले. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं लक्षात ठेवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं, त्याचं देशभर कौतुक झालं. पण त्याच इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, हेही तेव्हाच बाहेर आलं. आगीनंतर वीज-पाणी तोडलं गेलं. म्हणजे आगीतून सुटलेल्या माणसांवर घराबाहेर राहायची वेळ. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, वाशीच्या उंच इमारतीत ४ जण गेले, त्यात एक सहा वर्षांची मुलगी. प्रत्येक वेळी आपण हळहळतो आणि पुढे जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. आग विझवायला आपल्याकडे खातं आहे, आग लागू नये म्हणून कायदा आहे, पण आगीनंतरच्या दुसऱ्या दिवसाला कोणी वाली नाही. तो दिवस निभावायची तयारी आधीच करावी लागते, सोसायटीने आणि महापालिकेने दोघांनीही.

दुसऱ्या दिवशी नेमकं काय होतं ते बघा.

आग एका फ्लॅटमध्ये लागते, पण वीज, पाणी, गॅस अख्ख्या विंगचा जातो. बंबांचं पाणी खालच्या मजल्यांवर झिरपतं, लिफ्टच्या खड्ड्यात साचतं. ज्यांच्या घराला झळही लागली नाही त्यांच्या कपाटातल्या साड्यांनाही धुराचा वास बसतो. परत राहायला यायचं तर पोलिसांचा पंचनामा हवा, अग्निशमन दलाचा अहवाल हवा, इंजिनिअरने स्लॅब-कॉलम तपासून दिलेला दाखला हवा (काँक्रीट वरून नुसतं काळं दिसतं, आतल्या सळईचं काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही), वायरिंग नव्याने करून वीज कंपनीला टेस्ट रिपोर्ट द्यायला हवा. चार कागद, चार दारं. आणि प्रत्येक दारात एकच उत्तर, "आधी तो कागद आणा."

धावपळ कोण करणार? सेक्रेटरी. जो स्वतः मेहुण्याच्या घरी हॉलमध्ये झोपतोय आणि ज्याची रजा संपत आलीय.

मग येतो पैशांचा प्रश्न. सिंकिंग फंडात जे काही असतं ते मागच्या वर्षीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये गेलेलं असतं. सभा बोलावली की पहिलं वाक्य ठरलेलं, "ज्याच्या घरात आग लागली त्याने भरावं." ज्याच्या घरात लागली तो तर नेसत्या कपड्यांवर बाहेर पडलेला. त्याच्या घरातला एसी, त्याचा देव्हाऱ्यातला दिवा, त्याचा चार्जिंगला लावलेला स्कूटर, यावर ग्रुपवर न्यायालय भरतं. आगीचं कारण ठरवायला अग्निशमन दल आहे, पोलीस आहेत. अहवाल येईपर्यंत तरी आपण तोंड आवरावं. एका घराचा संसार जळाला आणि वर शेजारही तुटला, तर त्यांनी जायचं कुठे?

आता विम्याबद्दल. इथे आपली सर्वात मोठी गफलत आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आगीचा विमा काढणं ही संस्थेची जबाबदारी सांगितलेली आहे. मर्जीचा मामला नाही तो. पण मेंटेनन्स कमी करायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागते. हा विमा बाजारभावावर नसतो, बांधकामाच्या खर्चावर असतो. म्हणून फ्लॅट दीड कोटीचा असला तरी हप्ता त्या मानाने घाबरण्यासारखा नसतो. दोन-तीन कंपन्यांची कोटेशन मागवा, घरटी महिन्याचा आकडा काढा. गणपतीच्या वर्गणीपेक्षा मोठा निघाला तर मला इथे येऊन सुनवा.

सोसायटीचा विमा इमारतीचा, तुमच्या फ्रिज-टीव्हीचा नाही. त्यासाठी स्वतःचा वेगळा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे, अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच. घराचा विमा काढला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. घर राहण्यालायक नसेल त्या काळात दुसरीकडच्या भाड्याचीही त्यात सोय आहे. भाडेकरूंनाही फक्त सामानाचा विमा काढता येतो.

अजून एक. "आमचा गृहकर्जाबरोबर विमा झालाय" असं बरेच जण सांगतात. कागद काढून बघा. बऱ्याचदा तो कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. घर जळलं तरी हप्ता थांबत नाही. एका हाताने ईएमआय आणि दुसऱ्या हाताने भाडं, हे किती महिने झेपेल याचा हिशेब आजच करा.

ज्यांना विमा, हप्ता यातलं काहीच लागू नाही अशीही माणसं इमारतीत असतात. जिन्याखाली राहणारा वॉचमन, चार घरची कामं करणाऱ्या मावशी, डिपॉझिट अडकलेले भाडेकरू. मदतीची यादी करताना फ्लॅटमालकांची नावं लिहून थांबू नका.

आता महापालिकेकडून काय हवं?

आग लागलेल्या इमारतीसाठी वॉर्ड ऑफिसमधला एक अधिकारी, नावासह, फोन नंबरसह, पुढचे पंधरा दिवस नेमून द्या. चारही खात्यांचे कागद त्याने गोळा करायचे, लोकांनी नाही. वीज-पाणी तोडायचं असेल तर जरूर तोडा, जीव महत्त्वाचा. पण लेखी द्या, आणि कोणत्या गोष्टी पूर्ण केल्या की परत जोडणार ते त्याच कागदावर लिहा. पहिल्या काही दिवसांसाठी पालिका शाळा किंवा समाजमंदिर उघडून द्या. म्हातारी माणसं आणि दहावी-बारावीची पोरं फूटपाथवर बसून काय करणार?

यावर कोणी म्हणेल, खासगी इमारत आहे, पालिकेने का बघायचं? आणि सोसायटीने स्वतः नियम पाळले होते का? दुसरा प्रश्न योग्य आहे. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-रहिवाशांचीच आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन 'फॉर्म बी' दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. तुमच्या सोसायटीने मागचा कधी दिला, माहीत आहे? ज्या कमिटीने दिला नाही तिला जाब विचारा, दंड करा. पण त्या चुकीची शिक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बेघर करून देऊ नका. त्या मालमत्ता कर भरतात, आणि नेमक्या ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी त्यांची इमारत खासगी ठरते!

३० सप्टेंबरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभा व्हायच्या असतात. पार्किंगच्या भांडणाआधी हे विषय घ्या:

१. इमारतीचा विमा आहे का, किती रकमेचा, कधी संपतो. पॉलिसीची प्रत सगळ्यांना.
२. शेवटचा फॉर्म बी सभेत वाचून दाखवा.
३. जिना, पॅसेज, मीटर रूम, पार्किंगमधलं सामान हलवायला तारीख ठरवा. त्या तारखेनंतर भंगारवाला.
४. प्रत्येक मजल्यावर कोण राहतं, कोणाला उचलून न्यावं लागेल, याची यादी. एक प्रत इमारतीच्या बाहेर कोणाकडे तरी ठेवा.
५. सभासद नोंदवही, नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. ऑफिस जळलं तर आपण कोण हे सिद्ध करायलाच सहा महिने जातील.

घरच्या कागदांचंही तसंच. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते, मार्कशीटची दुसरी प्रत बोर्डाकडून मिळते, पण नंबर आणि तारखा हाताशी असतील तर. आणि जळालेल्या नोटा सापडल्या तर त्या झटकू नका, उलगडू नका. आहेत तशा डब्यात ठेवून रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्या, नियमाप्रमाणे काही ना काही परत मिळू शकतं.

नगरसेवक, आमदार भेटले की मोफत छत्र्या आणि वह्या मागू नका. आग लागलेल्या इमारतीसाठी तो एक अधिकारी मागा. लेखी मागा.

पटलं तर आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्या सोसायटीचा विमा चालू आहे की नाही, हे आज सेक्रेटरींना विचारून इथे कमेंटमध्ये फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहा. किती 'नाही' येतात ते आपण सगळेच बघू.