ज्याची टाकी, त्याचा भाव

द्राक्षाचा घड पिकला की शेतकऱ्याला थांबता येत नाही. खुडलेला माल उन्हात पडून राहिला तर बिघडतो. त्याची वाइन करायची तर पिळण्याचे यंत्र, आंबवण्याच्या टाक्या आणि थंड तळघर हवे. वर्षातून जेमतेम काही आठवडे पूर्ण कामी येणारी ही सामग्री दोन-चार एकरांच्या धन्याला परवडत नाही. म्हणून तो दुसऱ्याच्या दारी जातो आणि त्याच्या श्रमाचे मोल त्या दारातच ठरते. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

फ्रान्सच्या दक्षिणेकडील लांगदोक प्रांताचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील छोट्या बागायतदारांपाशी साठवणीची सोय अपुरी होती. पुढच्या हंगामापूर्वी टाकी रिकामी करणे भाग, हे व्यापारी पक्के जाणून होते. ते थांबू शकत होते, शेतकरी थांबू शकत नव्हता. भाव पडण्याचे एक रहस्य एवढेच होते.

बेझिये शहराजवळच्या मारोसां गावातील छोट्या बागायतदारांनी १९०१ साली ‘मुक्त द्राक्षउत्पादक’ या नावाने संघटना उभारली आणि १९०५ मध्ये स्वतःचे सामायिक मद्यगृह बांधले. त्यांची वाइन दलालांना वगळून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांकडे जाऊ लागली. शेतकरी आणि कामगार यांच्यामधली दलालाची भिंत येथे प्रत्यक्ष पाडली गेली. समाजवादी नेते ज्यां झोरेस यांनी त्याच वर्षी गावाला भेट दिली आणि ‘ल्युमानिते’ या आपल्या पत्रात या प्रयोगाचे स्वागत केले.

परंतु एका गावाची टाकी साऱ्या बाजाराला आवर घालू शकत नाही. साखर आणि पाणी घालून बनवलेल्या भेसळीच्या वाइनने आणि अतिउत्पादनाने भाव कोसळले. १९०७ साली प्रांत पेटून उठला. ९ जून रोजी मोंपेलिए येथे लाखोंचा समुदाय लोटला. क्लेमांसो सरकारने सैन्य धाडले, नार्बोन येथे गोळीबारात माणसे मेली. तेव्हा याच भागातून भरती झालेल्या सतराव्या पलटणीच्या शेकडो जवानांनी आपल्याच बांधवांविरुद्ध बंदूक धरण्याचे नाकारले. त्याच जूनअखेर भेसळीविरोधी कायदा झाला. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान सहकारी मद्यगृहांचे जाळे देशभर पसरले. चळवळीने कायदा मिळवला आणि सहकाराने टाकी मिळवली. दोन्ही एकमेकांवाचून अपुरी होती.

आज कॅलिफोर्नियात छोटे उत्पादक दुसऱ्याच्या मद्यगृहात भाडे देऊन वाइन करवून घेतात. भांडवलाशिवाय धंद्यात शिरता येते हे खरे. परंतु भाड्याची टाकी आणि सामायिक मालकीची टाकी यांत मूलभूत भेद आहे. भाडेकरूचा क्रम आणि दर यंत्राचा मालक ठरवतो. सभासद ते स्वतः ठरवतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. २००१ सालच्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात अनेक वायनरी निघाल्या. २००८-०९ च्या मंदीत त्यांतील कितीतरी छोट्या कोलमडल्या आणि शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा येथे हेतू नाही. प्रश्न उत्पादकाच्या हक्काचा आहे, मग तो द्राक्षाचा असो, दुधाचा असो वा उसाचा.

प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीचे सामर्थ्य महाराष्ट्राने पाहिले. पुढे अनेक कारखान्यांत सत्ता मूठभर बड्या बागायतदारांच्या हाती गेली, हेही पाहिले. केवळ नोंदणीपत्रावर ‘सहकारी’ लिहिल्याने मालकी सामायिक होत नाही. हिशेब उघडा हवा, छोट्या सभासदाचे मत मोजले जायला हवे आणि टाक्या धुणाऱ्या, घड खुडणाऱ्या मजुरांनाही रास्त वेतन हवे.

मारोसांचा धडा हाच आहे. छोट्या उत्पादकांनी साधने एकत्र आणावीत, ती आपल्या ताब्यात ठेवावीत आणि शहरातील कामगाराशी नाते जोडावे. दुसऱ्याच्या टाकीत ओतलेला घाम दुसऱ्याच्याच नावाने विकला जातो!