वारलीची लाज कुणी शिकवली?

डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात झळकली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र दिवाणखान्यात हवे. मात्र ते काढणाऱ्याची भाषा विद्यापीठात नको! हा कुठला न्याय?

मुंबई विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियन यांचे विभाग आहेत. ते जरूर असावेत; परभाषा शिकणे हा गुन्हा नव्हे. पण त्याच विद्यापीठाच्या कक्षेत डहाणू-तलासरीचे पाडे येतात. तिथला मुलगा वारली, धोडी किंवा कातकरी बोलत वाढतो आणि कॉलेजात पाऊल टाकताच ती लपवू लागतो. शहरी मुलगा गुणांसाठी जर्मन घेतो, त्याचे कौतुक होते. पाड्यावरचा मुलगा चार भाषा बोलतो, तरी तो ‘अडाणी’!

ही लाज त्याने आईच्या दुधातून घेतलेली नाही. पहिलीच्या वर्गात त्याच्या बोलण्याला हसणाऱ्यांनी ती शिकवली. ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावणाऱ्या मराठीनेही शिकवली. २०२४ साली मराठी अभिजात झाली म्हणून आपण पेढे वाटले. इंग्रजीने मराठीला हिणवले की आपले रक्त उसळते. मराठीने वारलीला हिणवले, तर आपल्याला त्यात काही वावगे दिसत नाही. हा दुटप्पीपणा थांबलाच पाहिजे.

याच डहाणू-तलासरीच्या मातीत १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान ताठ केली. याच मातीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी, शाळाच कुरणात नेली. विद्यापीठाला मात्र अजून पाड्याची वाट सापडलेली नाही!

२०२०चे शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणते. मग त्या भाषेत शिकवणारे शिक्षक घडवणार कोण? पालघरच्या महाविद्यालयांत वारली हा श्रेयांकाचा विषय करा. लग्नगीते मुखोद्गत असलेल्या धवलेरींना मानधन देऊन अध्यापनाला बोलवा. त्यांची गाणी, कथा, शब्द देवनागरीत नोंदवा. हे काम विद्यार्थ्यांच्याच हाती द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, जर्मन शिका, इंग्रजीवर हुकमत मिळवा. पण आईशी ज्या भाषेत बोलता, ती वर्गातही ताठ मानेने बोला. जो तिला हसेल, तोच अडाणी!