एक पहाट कर्करोगासाठी



धान कापून झालं, पुंजणे रचले गेले, बांध्यांत लाखोरी हिरवी दिसू लागली. या दिवसांत पहाटे पाचला आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही सडकेवर उभे राहा. धुक्यातून पावलांचा आवाज येतो. पोलीस भरतीची, फौजेची तयारी करणारी पोरंपोरी धावत असतात. कुणाच्या पायांत चांगले बूट, कुणाच्या पायांत फाटके. पण थंडी असो की दव, पोरं चुकत नाहीत. पाहून बरं वाटतं.

माझा एक चुलतभाऊ गेल्या साली गेला. पंचेचाळिशीचा धट्टाकट्टा गडी. कर्करोग तोंडाचा. आधी तिखट लागेना, मग तोंड उघडेना. शेवटी पेजसुद्धा चमच्यानं पाजावी लागली. गालातला चट्टा त्यानं वर्षभर कुणाला दाखवला नव्हता. आता त्याचा मुलगा भरतीसाठी त्याच सडकेवर धावतो. परवा पाहिलं, धावून आला, घाम पुसला आणि पानठेल्यावर जाऊन खर्रा घोटून घेतला. बापाचीच सवय. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून आजचं हे बोलणं.

वाचकहो, तुम्हांला एका पोराची गोष्ट सांगतो. कॅनडा देशातला टेरी फॉक्स. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. दवाखान्यात त्यानं लहान लहान लेकरं या रोगानं तळमळताना पाहिली. या रोगावर संशोधन व्हायला हवं आणि त्याला पैसा हवा, हे त्याच्या मनानं घेतलं. त्यानं ठरवलं, आपण देश धावून ओलांडायचा आणि माणशी एक डॉलर मागायचा.

आता नीट ऐका. कृत्रिम पायावर तो पहिल्या दिवशी किती धावला असेल? अर्धा मैल! तोही अंधारात, कुणी पाहू नये म्हणून. मग थोडं थोडं वाढवत नेलं. एका शर्यतीत सगळ्यांच्या मागून, शेवटचा आला. तरी हरखून गेला, कारण शर्यत पुरी झाली होती. चौदा महिने सराव करून, पाच हजार किलोमीटरच्या वर धावून झाल्यावर, १२ एप्रिल १९८० रोजी त्यानं पूर्वेच्या समुद्रात पाय बुडवला आणि दौड सुरू केली. रोज सुमारे ४२ किलोमीटर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. गोंदियाहून मुंबई रेल्वेनं साडेनऊशेच्या आसपास. म्हणजे तसलं अंतर साडेपाच वेळा, एका पायावर! पुढं रोग फुप्फुसात उतरला, १ सप्टेंबरला थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी तो गेला, वय अवघं बावीस. पण जाण्याआधी माणशी एक डॉलरचा त्याचा हिशेब पुरा झाला होता. कॅनडाची वस्ती तेव्हा दोन कोटी चाळीस लाखांची, आणि जमलेही तितकेच डॉलर. त्याच्या नावानं आजही देशोदेशी लोक धावतात. आपल्या मुंबईतही अशी दौड झाली आहे. मुंबईला २००४ पासून जानेवारीत मोठी मॅरेथॉन भरते, तिच्यातही पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या चांगल्या कामासाठी पैसा गोळा करत धावतात.

तुम्ही म्हणाल, संशोधन म्हणजे मोठ्या लोकांचं, काचेच्या नळ्यांचं काम. आपला त्यात काय संबंध? आहे, आणि फार जवळचा आहे. मुंबईला परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतले सुमारे पाचशे रुग्ण घेऊन एक प्रश्न सोडवला. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या गाठीही त्याच वेळी काढाव्यात, की पुढं वाढल्या तर मग काढाव्यात? २०१५ साली उत्तर आलं. ज्यांच्या मानेच्या गाठी आधीच काढल्या, त्यांच्यातले शंभरात ऐंशी जण तीन वर्षांनी हयात होते. ज्यांचं थांबून केलं, त्यांच्यातले शंभरात सुमारे अडुसष्ट. शंभरामागं बारा माणसं वाचली, मंडळी!

दुसरं उदाहरण तर खेड्यातलंच. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यापाड्यांतल्या एक लाख तीस हजारांवर बायांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. आयुष्यात एकदा विषाणूची तपासणी केली, तर या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगापुढं मांडलं गेलं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरच्या आयाबहिणींनी जगाला शहाणं केलं. यात बाजारात खपवायला नवं औषध नव्हतं. असल्या शोधाला पैसा लागतो, आणि तो सरकारकडून आणि तुमच्या-आमच्या वर्गणीतूनच यायचा असतो.

म्हणून माझं सांगणं असं. आपल्या पंचक्रोशीतल्या धावणाऱ्या पोरापोरींनी यंदा एक पहाट कर्करोगासाठी धावावी. दहा किलोमीटर पुरे; ज्यांचा पाया पक्का, त्यांनी एकवीस. आणि गावानं त्यांच्यामागं उभं राहावं.

तयारी कशी करायची? धानासारखीच. आधी पऱ्हे टाकायचे, मग रोवणी. पऱ्ह्यांविना रोवणी होत नाही. कधीच न धावलेल्यानं पहिले दोन आठवडे अर्धा तास झपाझप चालावं. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. हळूहळू धावणं वाढवावं, चालणं घटवावं. धावताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. आठवड्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा, एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. एका आठवड्याहून दुसऱ्या आठवड्यात दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढ नको. घाई केली की नडगी दुखते, आणि महिन्याची मेहनत पाण्यात जाते. शक्यतो मातीच्या पांदणीनं धावा. डांबरी सडक असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, आणि अंगात पांढरा सदरा. खाणं आपलंच, भात, वरण, भाजी. बरोबर फुटाणे, शेंगदाणे, गूळ. लांब धावून आल्यावर चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं पाणी घोट घोट प्यावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या माणसांनी आधी डॉक्टरला विचारावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबावं. मर्दुमकी दाखवू नये.

पैशाचं काय? मंडईचे दिवस आहेत. दंडार पाहायला, नाटकाला गावोगावची माणसं जमतात. तिथं एक डबा ठेवा. किलोमीटरमागं दोन रुपये, पाच रुपये, ज्याला जे जमेल ते. पण हिशेब चोख हवा. बचत गटातल्या दोन बाया आणि शाळेतले एक गुरुजी अशांनी मिळून डबा फोडावा, पावती द्यावी, रक्कम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. पैसा रोख कुणाच्या हाती न देता बँकेतून थेट संशोधन करणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यावर पाठवावा आणि त्याची पावतीही फळ्यावर लावावी. चोख हिशेब दिसला, तर पुढच्या साली डबा न मागता भरतो.

आणि धावणाऱ्यानं आधी एक करावं. खर्रा सोडावा. एका हातानं कर्करोगासाठी वर्गणी मागायची आणि दुसऱ्या हातानं खर्रा घोटायचा, हे काही खरं नाही. दिवसाचे दोन खर्रे, एकाचे वीस रुपये धरले, तरी महिन्याचे बाराशे होतात. तोच पैसा डब्यात टाका.

घरच्या बायांनीही एक लक्ष ठेवावं. घरातल्या कुणाच्या तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत कडक गाठ, तिखट न सोसणं, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यांपैकी काही दिसलं तर सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा रोग दुखत नाही, तिथंच फसगत होते. माझा भाऊ असाच फसला.

पुतण्याला मी टेरीची गोष्ट सांगितली. मान खाली घालून ऐकली, बोलला काही नाही. काल पहाटे धावून आला आणि ओट्यावर बसला. म्हणाला, “काका, तो पहिल्या दिवशी किती धावला म्हणालात?”

“अर्धा मैल.”

“मग मी आज दुपारपर्यंत खर्रा न खाता राहून पाहतो.”

दुपारपर्यंत तर दुपारपर्यंत. संध्याकाळी मी विचारलं नाही. आज पहाटे तो पुन्हा धावायला गेला आहे, आणि मी चहा ठेवून त्याची वाट पाहतो आहे.