शिकागोचं निमित्त

सोयाबीनचा भाव शिकागोच्या वायदेबाजारात ठरतो, जागतिकीकरणापुढे दिल्ली आणि भोपाळ हतबल आहेत, हे मत हल्ली शहाणपण म्हणून खपतं. माळव्यातल्या उज्जैनच्या चिमणगंज मंडीत ट्रॉली घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही तेच ऐकवतात. मला ते साफ अमान्य आहे.

आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. ब्राझील-अर्जेंटिनात पीक बंपर आलं की माळव्यात भाव पडतो, एवढं खरं. पण जागतिक व्यापार संघटनेत भारताने सोयातेलावरच्या शुल्काची जी कमाल मर्यादा मान्य केली, ती 45 टक्के आहे. सप्टेंबर 2024च्या मध्यापर्यंत कच्च्या सोयातेलावर मूळ सीमाशुल्क होतं शून्य. उपकर धरून जेमतेम साडेपाच टक्के! मधलं सगळं मैदान दिल्लीचं. माळव्यातले शेतकरी क्विंटलला 6000 रुपये मागत रस्त्यावर उतरले त्याच महिन्यात मूळ शुल्क 20 टक्के झालं. मे 2025च्या अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते 10वर आलं. याला हतबलता कसं म्हणायचं?

6 जून 2017 आठवा. उज्जैन विभागातल्याच मंदसौर जिल्ह्यात भाव आणि कर्जमाफी मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. त्या दिवशी राज्याचा अधिकार पुरेपूर शाबूत होता. सोयातेलावरचं शुल्क वाढलं ते नंतर, ऑगस्ट आणि नोव्हेंबरात. बंदरावर सैल सुटलेली सत्ता गावात आवळली जाते, हे लोकांना दिसतं. असंतोषाचं मूळ तिथे आहे.

उज्जैनचा इतिहासही हतबलतेच्या गोष्टीला दुजोरा देत नाही. 1820च्या दशकात माळव्याची अफू रोखायला ईस्ट इंडिया कंपनीने इथल्या संस्थानांशी करार केले. तो व्यापार पुण्यकर्म नव्हता, हे मान्य. पण कंपनीशी झालेल्या 1817च्या तहाने हात बांधलेले असूनही उज्जैनवर राज्य करणाऱ्या शिंद्यांनी त्या करारात यायला नकार दिला, आणि अखेर कंपनीला बंदी सोडून परवानाशुल्कावर समाधान मानावं लागलं.

स्वस्त तेल गरिबाला हवंच. त्याची किंमत तिजोरीने भरावी, रेशनवर अनुदान देऊन. शेतकऱ्याच्या खिशातून ती काढू नये. आणि खरिपाच्या पेरणीआधी जाहीर झालेलं शुल्क त्या हंगामाचा माल मंडीत विकला जाईपर्यंत कमी होणार नाही, एवढं संसदेने कायद्यात लिहावं. त्यासाठी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेची परवानगी लागत नाही.