सप्तपदीनंतरची आठवी पायरी

मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक आहे, एवढ्यावर आपल्याकडे लग्ने ठरतात. पण सप्तपदीने तिथले दार उघडत नाही. भारतातून अर्ज करणारी वधू तात्पुरता (क्रमांक ३०९) आणि कायमचा (क्रमांक १००) असे दोन्ही व्हिसा एकदमच मागते. जुलै २०२५ मध्ये त्याचे शुल्क ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले. पुरावे हवेत ते एकत्रित पैशाचे, घराचे, लोकांतल्या ओळखीचे आणि परस्पर बांधिलकीचे. नवविवाहितेपाशी संयुक्त खाते कुठले असणार?

कायम वास्तव्याचा विचार साधारणपणे अर्जानंतर दोन वर्षांनी होतो. तोवर तिचे भवितव्य नवऱ्याच्या पाठिंब्यावर. मात्र छळामुळे संसार मोडला, तरी हक्क टिकू शकतो, अशी तरतूद तिथल्या कायद्यात आहे. पत्रिका जुळवणाऱ्या आईबापांनी तीही मुलीला समजावून पाठवणी करावी.